शहर, आम्ही आणि सहा फुटी दांडा

खेड्यात राहायला गेलेल्या माणसासाठी शहर नेहमी ‘फक्त दीड तासावर’ असतं. घर विकणारा हे अशा सुरात सांगतो, की शहरच रोज सकाळी अंगणात येऊन उभं राहील असं वाटावं. प्रत्यक्षात सकाळी एक बस जाते, संध्याकाळी एक परत येते आणि मधल्या वेळात काय बघायचं ते बघून घ्यायचं असतं. आम्हाला मात्र अगदी रमतगमत, पाहुण्यासारखं बघायचं होतं. शहरात राहत होतो तेव्हा शहर बघायचं राहूनच गेलं. तिथे राहणाऱ्याला कुठली आलीय सवड!

बेत गुप्त होता. पण खेड्यात बसची वेळ विचारणं म्हणजे जाहीर निवेदनच. संध्याकाळपर्यंत कुणाच्या चष्म्याचा स्क्रू, कुणाच्या घड्याळाचा सेल, कुणाच्या कोटाचं बटण (सोबत नमुन्याचं एक, ‘हरवू नका हं’ या सूचनेसह) अशी कामं गोळा झाली. सगळ्यांत शेवटी शेजारच्या काकू आल्या.

“फार काही नाही हो, पडद्याचा एक दांडा. येता येता आणा.”

दांडा सहा फुटी हवा होता. शिवाय अखंड, कारण जोडाचा दांडा मधोमध वाकतो.

आधी काम आणि मग मजा, हे बायकोचं तत्त्व आहे. त्यामुळे दुकानाचं शटर वर जाताच दांडा आमच्या ताब्यात आला आणि शहर बघायला आम्ही दोघांचे तिघे झालो.

दांडा आडवा धरला की मागचे-पुढचे दोन्हीकडचे ओरडतात. उभा धरला की आपण मोर्चातून चुकलेले आणि झेंडा कुठेतरी विसरून आलेले दिसतो. खांद्यावर घेतला तर वळताना सगळ्या फुटपाथला आपल्याबरोबर वळावं लागतं. त्यात चालण्याचा वेग. बॉर्नस्टाइन आडनावाच्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या गावाशहरांत माणसांना पन्नास फूट चालायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि १९७६ साली जाहीर केलं, की वस्ती जितकी मोठी तितकी माणसं भरभर चालतात. त्यांच्या घड्याळात आमच्यासारखे कुणी सापडले असते, तर त्यांना आमच्यासाठी वेगळा तक्ता करावा लागला असता. लोक दोन्ही बाजूंनी आम्हाला ओलांडून जात होते. दांड्याच्या खालूनसुद्धा.

आणखी एक सवय अंगात मुरली होती. खेड्यात समोरून माणूस आला की मान हलवायची. तसं मी शहरातही सुरू केलं. पहिल्याने खिसा चाचपला. दुसऱ्याने न थांबताच “वर्गणी दिलीय आधी” असं सांगितलं. गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ साली लिहून ठेवलंय, की शहरात डोळ्याकानांवर इतका मारा होतो, की त्यातून वाचायला माणूस निर्विकार बनतो. मीही वर्षानुवर्षं तसला चेहरा घेऊन वावरलो आहे. तो आता ऐनवेळी सापडेना. माझ्या तोंडावर सवड दिसत असावी, कारण पत्ता विचारणारा प्रत्येक जण एवढी गर्दी सोडून नेमका माझ्याकडेच येत होता.

उन्हाला कंटाळून एका मोठ्या दुकानात शिरायचं ठरवलं. दार गोल फिरणारं होतं. हे दार फिलाडेल्फियाच्या थिओफिलस व्हॅन कॅनेल यांचं, पेटंट १८८८ सालचं. वारा, पाऊस, धूळ आणि रस्त्यावरचा गोंगाट बाहेर राहावा, ही त्यामागची कल्पना. दांड्याचा विचार त्यांनी केला नसावा. मी आत, दांड्याचं टोक बाहेर आणि दार जागच्या जागी ठप्प. मागच्या कप्प्यात एक साहेब अडकले होते. ते काचेपलीकडून बरंच काही बोलत होते, पण गोंगाट बाहेर ठेवण्यात दार खरोखरच चोख निघालं.

पुढे सरकता जिना. लंडनच्या हॅरॉड्समध्ये १८९८ साली असा जिना पहिल्यांदा बसवला, तेव्हा वर पोचलेल्या घाबऱ्याघुबऱ्या गिऱ्हाइकांना ब्रँडी देत असत. आम्हाला वर पोचल्यावर फक्त सुरक्षारक्षक भेटला. “हे काय आहे?” त्याने विचारलं. पडद्याचा दांडा म्हटल्यावर “पडदा कुठाय?” हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचं समाधान होईपर्यंत आमची हौस फिटली होती.

बटण मिळालं नाही. स्क्रू, सेल मिळाले.

दुपारी संग्रहालय. सगळा बेत खरं तर याच्यासाठीच होता. फाटकावर पाटी होती, ‘आज साप्ताहिक सुट्टी’. पहारेकऱ्याने आधी पाटीकडे, मग दांड्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाला, “उघडं असतं तरी हा आत नेता आला नसता.” एवढ्या मोठ्या शहरात आमची समजूत घालणारा तेवढा एकच भेटला.

बसला वेळ होता म्हणून थांब्यावर टेकलो, तर एक जोडपं माझ्याकडेच आलं. हातात छोटी पिशवी, डोळ्यांत सकाळची उमेद. त्यांना संग्रहालयाचा रस्ता हवा होता. दिवसभरात पहिल्यांदाच दांड्याचा उपयोग झाला. तो लांबवर रोखून मी खुणा सांगितल्या: तिकडून डावीकडे, मग काचेचं फिरतं दार लागेल, त्यात शिरू नका, सरळ पुढे. आज ते बंद आहे, हे बायकोने सांगून टाकलं.

त्यांचे चेहरे पडले. बाईंनी दांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुम्ही गाइडच दिसता. मग बघण्यासारखं दुसरं काय आहे इथे?”

सकाळपासून मी नीट बघितलेलं असं एकच ठिकाण होतं. तिथला रस्ता सांगितला आणि वर म्हणालो, “दांडे अगदी सरळ असतात त्याच्याकडे.”