चार वर्षांची फौज आणि रुपयातले चोवीस पैसे

साताऱ्यात राजवाड्यासमोर, गांधी मैदानाच्या कडेला आमचा कट्टा बसतो. परवाचा वाद अग्निपथचा, म्हणजे जवानांना अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेऊन त्यातल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढं ठेवणाऱ्या योजनेचा. तो पेटला सरांच्या एका वाक्यावरून. सर भरतीची अकॅडमी चालवतात. माण-खटावकडची पोरं त्यांच्याकडे राहून पहाटे पळायला जातात. ते म्हणाले, "जी पोरं सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतात ना, तीच आता विचारतात, सर, आधी पोलीस भरती बघू का? पूर्वी असं पोरगं फौज सोडून दुसरं काही बोलायचं नाही."

मॅनेजरने लगेच उचललं. तो बँकेत आहे, बजेटच्या दिवशी रजा टाकून टीव्हीसमोर बसणारा माणूस. "यात वाईट काय? फौज म्हणजे रोजगार हमी नाही. 2025-26 चं संरक्षणाचं बजेट काढ. 6 लाख 81 हजार कोटी. त्यातले 1 लाख 61 हजार कोटी नुसत्या पेन्शनीचे. रुपयातले चोवीस पैसे! विमानं, जहाजं, तोफा असं सगळं भांडवली धरून 1 लाख 80 हजार कोटी. म्हणजे घरी बसलेल्यांवरचा खर्च आणि हत्यारांवरचा खर्च जवळजवळ बरोबरीला आलाय. चीन समोर उभा असताना हे कुठवर चालायचं?"

"घरी बसलेल्यांवरचा," असं तो म्हणाला आणि मेजरने चहाचा ग्लास खाली ठेवला. मेजर मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकालाच मेजर म्हणतात, तसे हेही मेजर. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅनेजर, पेन्शन भीक न्हाय. पस्तिशी-चाळिशीत आमाला घरी पाठवत्यात, तुला साठीपर्यंत खुर्ची हाय. तुज्या खात्याला जे वीस वर्षं जादा पगार म्हणून मिळतंय, ते आमाला पेन्शन म्हणून मिळतंय. आनि त्या पैशात सगळे जवानच हायत असं समजू नगं. संरक्षण खात्याच्या सिव्हिलियन लोकांची पेन्शन पण त्यातच धरत्यात."

हे खरं आहे आणि टीव्हीवरच्या चर्चेत कुणी सांगत नाही. पण मॅनेजरही खोटं बोलत नव्हता. 2004 च्या जानेवारीपासून केंद्राच्या नव्या नोकरदारांची जुनी पेन्शन बंद झाली, तेव्हा तिन्ही दलांना वगळलं होतं. पुढं 2015 साली वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या नोकरीला सारखीच पेन्शन, लागू झाली, 2014 च्या जुलैपासूनची थकबाकी धरून. चौतीस लाखांच्या आसपास पेन्शनधारक. हा बोजा कधीतरी कुणालातरी हातात घ्यावाच लागणार होता, आणि 14 जून 2022 रोजी सरकारने अग्निपथ जाहीर करून तो घेतला. माझं भांडण तिथून पुढं सुरू होतं: बोजा घेतला कुणाच्या खांद्यावर?

अभी आमच्यात सगळ्यात लहान. शिरवळच्या कंपनीत ठेकेदाराकडे होता, सध्या एमपीएससी करतोय. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. "मेजर, तुम्ही तुमच्या वेळच्या नोकरीशी तुलना करता. आम्ही एमआयडीसीशी करतो. बारावी झालेल्या पोराला तिथं काय मिळतं? ठेकेदारी, अकरा महिन्यांनी ब्रेक, पीएफचा पत्ता नाही. अग्निवीरला पहिल्या वर्षी तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस हजार, राहणं-खाणं फुकट आणि बाहेर पडताना 11 लाख 71 हजार. माझ्या वर्गातल्या कुणाकडे पंचविशीत एवढे पैसे नाहीत."

"हातात किती पडतात ते सांग," सर म्हणाले. तीस हजारांतले एकवीस. उरलेले नऊ हजार सेवा निधीत. दरवर्षी तीस टक्के कापतात, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांत पोराचे 5 लाख 2 हजार, सरकारचे 5 लाख 2 हजार, वर व्याज. म्हणजे ज्याला सगळे "सरकारने दिलेले अकरा लाख" म्हणतात, त्यातले निम्मे त्या पोराच्याच घामाचे आहेत. त्याला प्राप्तिकर नाही, हे चांगलंच. पण ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही, माजी सैनिकांसाठीचा ईसीएचएसचा दवाखाना नाही. घेतातही अविवाहितच. आमच्या जिल्ह्यात "मुलगा फौजेत आहे" एवढ्यावर स्थळं यायची. आता मुलीचा बाप विचारतो, पंचवीस टक्क्यांत बसणार का? त्या प्रश्नाचं उत्तर चार वर्षं कुणालाच माहीत नसतं, पोरालाही नाही.

मॅनेजरने वयाचा मुद्दा काढला. फौज तरुण हवी, सरासरी वय बत्तिसावरून सव्विसावर आणायचंय, सियाचीनवर चाळिशीची माणसं कशाला? मला वाटलं मेजर विरोध करतील. त्यांनी मान डोलावली. "वयाचं खरं हाय. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम साहेबांच्या समितीनं तेच सांगितलं हुतं. सतरा वर्षं कलर सर्व्हिस, म्हंजी पलटणीतली नोकरी, लय झाली, सात ते धा वर्षं करा. पन त्यानी पुढं काय सांगितलं ते पन वाच की. म्हनाले, त्या जवानाला मग निमलष्करी दलात घ्या. तरुण फौज इकडं, तयार मानूस तिकडं, आनि त्याचं घर बी चालू. सरकारनं पयलं वाक्य घेतलं, दुसरं गाळलं. आनि सात-धाचं चार केलं."

चारचं त्यांना जास्त लागलं होतं. चार वर्षांत ट्रेनिंगचे साधारण सहा महिने धरलेले. मग रजा, कोर्स, बदली. पलटणीत पोरगं रुळायला दोन वर्षं जातात असं मेजर म्हणतात. आपल्या डावी-उजवीकडचा माणूस गोळीबारात काय करील हे अंगात भिनायला त्याहून जास्त. "नाम, नमक, निशान म्हंतो आपन. चार पोरं एका बराकीत, आनि त्यांना ठावं हाय की एकच ऱ्हानार. मी जखमी झालो तर हा मला उचलंल का माझा नंबर कमी झाला म्हनंल?" असं कुठलं पोरगं म्हणणार नाही, अभी तावातावाने म्हणाला. मेजर म्हणाले, "म्हननार न्हायच. मराठा हाय, उचलनारच. पन ही शंका त्याच्या डोक्यात घातली कुनी?"

इथं मी बोललो. माझा मुद्दा बचतीचाच होता, मॅनेजरच्याच मैदानातला. जवानाला पेन्शन बसायला किमान पंधरा वर्षं नोकरी लागते. 2022 ला जुन्या पद्धतीने भरती झालेला पोरगा पेन्शनीला लागला असता 2037 नंतर. म्हणजे अग्निपथमुळे पेन्शनीचं बिल 2037 च्या आधी जवळजवळ हलतच नाही. 2025-26 चे ते 1 लाख 61 हजार कोटी आधीच निवृत्त झालेल्यांचे आहेत, आणि पुढची दहा-बारा वर्षं जे निवृत्त होणार आहेत ते सगळे जुन्याच अटींवरचे आहेत. फायदा पंधरा वर्षांनी, जोखीम आत्तापासून. चीन आज समोर उभा आहे म्हणून जी योजना विकली जाते, तिचा पैसा आजच्या तोफेला लागतच नाही.

मॅनेजर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज सुरुवात केली नाही तर 2037 ला पण सुटका नाही." हेही मला मान्य आहे. सुरुवात करायला हवीच होती. पण मग समितीने सांगितलेली सात-दहा वर्षं का नाहीत? नव्या भरतीला अंशदायी, म्हणजे पगारातून वर्गणी कापून, पेन्शन देऊन का नाही? संसदेत आधी चर्चा का नाही? साडेसतरा वर्षांच्या पोराच्या आयुष्याचं गणित बदलताना पत्रकार परिषद पुरते, हे मला पटत नाही. बिहारमध्ये गाड्या जळाल्या, सिकंदराबाद स्टेशनवर एक पोरगा मेला. साताऱ्यात काही जळलं नाही, म्हणून इथं काही जळत नव्हतं असं कुणी समजू नये.

सरांच्या अकॅडमीतल्या तेव्हाच्या पोरांची गोष्ट मला माहीत आहे. कोविडचं कारण सांगून दोन वर्षं सैन्यात भरतीच झाली नाही. त्याआधी देशभर हजारो पोरांनी मैदान मारलं होतं, मेडिकल पास झाले होते, फक्त लेखी राहिली होती. सरांकडे अशी पोरं दोन वर्षं ॲडमिट कार्डाची वाट बघत पळत राहिली. वय जाऊ नये म्हणून देव पाण्यात घातलेले. अग्निपथ आली आणि ती सगळी प्रक्रियाच रद्द. वयाची सवलत दिली, तेवीसपर्यंत, एकदाच. पण आधीचं मैदान, आधीचं मेडिकल, सगळं शून्य. कोर्टात गेले, 2023 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळलं. कायद्याने सरकारचं बरोबर असेल. एक पोरगा सरांकडे लोखंडी ट्रंक ठेवून गेला, त्यात पळायचे बूट आणि मेडिकलचा फिटचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तो आता पुण्यात डिलिव्हरी करतो.

विषय बुलढाण्याच्या पोरावर आला तेव्हा मात्र कट्ट्यावर आवाज चढले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सियाचीनवर ड्युटीत गेलेला तो अग्निवीर. घरच्यांना विम्याचे 48 लाख, सानुग्रह 44 लाख, सेवा निधी, उरलेल्या मुदतीचा पगार. रक्कम कोटीच्या वर जाते आणि ती कमी आहे असं मी म्हणणार नाही. मॅनेजर तेच म्हणत होता. पण त्याच चौकीवर, त्याच थंडीत, शेजारी उभा असलेला नियमित जवान गेला असता तर त्याच्या आई-बापाला किंवा बायकोला दरमहा कुटुंब पेन्शन लागली असती. याच्या घरच्यांना नाही. मेजरनी हात जोडले, "वर्दी एक, गोळी एक, बर्फ एक. मेल्यावर दोन यादी? जिवंत अग्निवीराला पेन्शन देऊ नका, एक वेळ ऐकून घेतो. शहिदात भेद करू नका."

यावर कट्ट्यावर एकालाही उत्तर नव्हतं. मॅनेजरनेही "हे बदलायलाच पाहिजे" म्हटलं, आणि त्याचा पैशाचा बोजा नगण्य आहे हेही त्यानेच कबूल केलं.

राजकारण्यांवर मी फार शाई घालवत नाही. काँग्रेसने 2024 च्या जाहीरनाम्यात योजना रद्द करू म्हटलं, निकालानंतर सत्तेतल्या जेडीयूने फेरविचार मागितला, लोकसभेत खडाजंगी झाली आणि विषय थंडावला. नेपाळने तर आपल्या गोरख्यांची भारतीय फौजेतली भरतीच 2022 मध्ये थांबवली, दोनशे वर्षांची परंपरा असलेली. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारखी गावं, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत आणि तरी पुढच्या पिढ्या जातच राहिल्या, त्या गावांना कुणी विचारलं नाही.

अभीने अमेरिकेचं उदाहरण दिलं. तिथंही चार वर्षांचे करार असतात, पेन्शन वीस वर्षांनीच. बरोबर. पण तिथं 1944 पासून जीआय बिल आहे. फौजेतून आलेल्याच्या कॉलेजची फी सरकार भरतं, घराच्या कर्जाला हमी देतं. आपल्याकडे इग्नूची पदवी देऊ केली, 2022 मध्ये निमलष्करी दलांत दहा टक्के जागा ठेवू म्हणून सांगितलं. राखीव जागांत किती मावतात ते 2026 च्या शेवटी कळायला लागेल, कारण पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस आत गेली आणि तिची चार वर्षं तेव्हाच भरतात. चारातले तीन बाहेर येतील. हत्यार चालवायला शिकलेले, शिस्तीचे, पंचविशीच्या आसपासचे. त्यांच्यासाठी पोलिसांत, वनखात्यात, कारागृहात थेट जागा आहेत की पुन्हा सोळाशे मीटर पळून नव्या पोरांबरोबर रांगेत उभं राहायचं आहे?

सर म्हणाले, माझ्याकडे या वर्षी दोन पोरं अशी आहेत, घरात तीन पिढ्या फौजेतल्या, फॉर्म भरणारच म्हणतात. काय सांगू? मेजर म्हणाले, "जाऊ दे की. फौज वाईट न्हाय, अट वाईट हाय. पन जाताना सांग, पयल्या वर्षापासून पदवी पुरी कर, सेवा निधीला घरच्यांना हात लावू देऊ नगं, आनि पंचवीस टक्क्यांत यायचं म्हनूनच ऱ्हा." मॅनेजरने खासदारांना द्यायचं निवेदन लिहून काढायचं कबूल केलंय. त्यात तीनच मागण्या असतील: ड्युटीत गेलेल्या अग्निवीराच्या घरी कुटुंब पेन्शन, चारची किमान सात वर्षं, आणि बाहेर पडणाऱ्याला निमलष्करी दलात किंवा राज्याच्या पोलिसांत थेट घेणं. वन रँक वन पेन्शनचा चौथा मुद्दा मेजरनी स्वतःच खोडला. म्हणाले, आमचं झालंय, यात नगं.