फॅनच्या रेग्युलेटरवर एलईडी लावू नका, निदान कापसाच्या खोलीत तरी नको

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या एक मेसेज घरोघरी फिरतो आहे. 'कोणत्याही एलईडी बल्बला फॅनचा जुना रेग्युलेटर जोडा. बल्ब मंद होतो, बिल अर्धं येतं, बल्ब दुप्पट टिकतो. डिमेबल (म्हणजे मंद करता येणारे) बल्ब ही कंपन्यांची लूट आहे, आत सगळे सारखेच. जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड. एलईडी फुटला की विषारी पारा निघतो. बटन बंद असूनही बल्ब मिणमिणतो, म्हणजे मीटर चालूच राहतं.' शेवटी नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

मी आयटीआय करून घरांच्या वायरिंगची कामं करतो. असले मेसेज रोज येतात आणि मी ते सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण परवा मोठ्या बाबांनी कौतुकानं बोलावून दाखवलं, "हे पाय, म्या लावलं. तू एवढी वायरिंग करतं, तुले हे मालूम नाई?" त्यांनी लावलं होतं ते कापसाच्या खोलीत. भाव चढेल म्हणून ठेवलेली गंजी छतापर्यंत, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर रेग्युलेटर, वायर नुसत्या पिळून टेप मारलेल्या. बल्ब लुकलुकत होता, गुणगुणत होता, आणि बुडाशी हात लावला तर चटका बसला.

म्हणून आधी याच मुद्द्याचं बोलतो. जुन्या पिवळ्या बल्बात तार तापून उजेड पडायचा. करंट कमी दिला की तार कमी तापायची, बल्ब मंद व्हायचा. एलईडीत तसं नसतं. त्याच्या बुडात ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं. ते एसीचं डीसी करतं आणि एलईडीला ठरलेलाच करंट देत राहतं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो. ड्रायव्हरला हे कापणं कळत नाही. जेवढी लाट उरली तेवढ्यातून तो आपला करंट हिसक्या-हिसक्यानं ओढतो. त्यानं आतला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, तापतो, फुगतो आणि बल्ब लवकर मरतो. दुप्पट टिकणं दूरच राहिलं. जुन्या डब्बा रेग्युलेटरनं किंवा नव्या स्टेपवाल्यानंही नीट मंद होत नाही. बल्ब एक तर तसाच जळतो, नाही तर लुकलुकतो, नाही तर विझतो. प्रत्येक वेळी आग लागेल असं मी म्हणत नाही. पण तापलेलं बूड, सैल जोड आणि सुका कापूस एका खोलीत ठेवून वर्षाची कमाई पणाला कशासाठी लावायची?

तर बिलासाठी. मग हिशेब करू. 9 वॅटचा बल्ब रोज 5 तास, महिनाभर जाळला तर 1.35 युनिट. अगदी निम्मी वीज वाचली असं धरलं तरी पाऊण युनिटही होत नाही. त्याच घरात 75 वॅटचा पंखा रोज 10 तास चालतो, त्याचे साडेबावीस युनिट. बिल अर्धं कुठून येणार? मोठ्या बाबांच्या ओसरीत मात्र झिरोचा बल्ब रात्रभर जळतो. नाव झिरो, पण तो जुना तारेचा बल्ब 15 वॅटच्या आसपास खातो. म्हणजे 10 तासांच्या हिशेबानं महिन्याला साडेचार युनिट. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प लावला तर 0.15 युनिट. मंद उजेडच हवा असेल तर हा रस्ता आहे.

डिमेबल बल्ब लूट नाही, त्याचा ड्रायव्हरच वेगळा असतो. कापलेली लाट ओळखून तो एलईडीचा करंट कमी करतो. त्यातही पिवळ्या बल्बांसाठी बनवलेल्या जुन्या डिमरला, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटनाला, निदान ठरावीक वॅटचा लोड लागतो. एकट्या 9 वॅटवर तो नीट चालत नाही, एलईडीसाठीचाच डिमर घ्यावा लागतो. हे सगळं महाग पडतं आणि खेड्यातल्या घराला त्याची गरज क्वचित असते, एवढं मी मान्य करतो. साधा बल्ब किती स्वस्त मिळू शकतो हे तर आपल्याकडेच दिसलं. मार्च 2021 मध्ये सुरू झालेल्या ग्राम उजाला योजनेत नागपूर भागातल्या गावांत जुना चालू बल्ब देऊन 10 रुपयांत 7 किंवा 12 वॅटचा एलईडी मिळत होता, तोही 3 वर्षांच्या हमीसह.

वॅट म्हणजे खाल्लेली वीज. उजेड बघायचा तर खोक्यावर ल्युमेन वाचा. आणि आयएस 16102 हा आकडा शोधा. भारतीय मानक ब्युरोचं एलईडी बल्बसाठीचं हे मानक आहे, पहिला भाग सुरक्षिततेचा, दुसरा कामगिरीचा. बाजारातला बिननावाचा बल्ब घेताना हे कुणी बघत नाही. खोक्यावर डिमरच्या चिन्हावर फुली असेल तर तिचा अर्थ तोच, डिमरवर लावू नका. पारा सीएफएलमध्ये असतो, एलईडीत नाही. विषय संपला.

मिणमिणण्याची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. मीटरचं म्हणाल तर तो करंट अगदी किरकोळ असतो. कधी बटनातल्या लाल इंडिकेटरमुळे होतं. पण कधी बटन फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) नसून न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं, आणि ही भीतीची गोष्ट आहे. बटन बंद केलं तरी होल्डरमध्ये फेज राहते. बल्ब बदलायला हात घातला की झटका. मेसेज लिहिणाऱ्यानं मीटरची भीती घातली आणि नेमकं हेच सांगितलं नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर वायरमनला टेस्टर घेऊन बोलवा.

मोठ्या बाबांच्या खोलीतला रेग्युलेटर त्याच दिवशी काढला, वायर कापसापासून दूर पाइपातून नेली, बल्ब दाराच्या बाहेर बसवला. तोवर त्यांचा तो मेसेज चौघांना पाठवून झाला होता. तिघांच्या घरी जाऊन आलो. चौथ्याच्या घरीही कापूस भरलेला आहे, तिथं उद्या सकाळी जातो.