मांडव उतरल्यावर गावात काय उरतं?

आपल्या बेळगाव जिल्ह्यात ग्रामीण पर्यटन म्हटलं की आधी स्टेज ठरतो. मग साउंड, एलईडी पडदा, बाहेरचा गायक. उत्सवाला माझा विरोध नाही. २३ ऑक्टोबर १८२४ चा राणी चन्नम्माचा इंग्रजांवरचा विजय कित्तूरनं साजरा करायलाच हवा, आणि २०२४ ला दोनशे वर्षं झाली तेव्हा तर दणक्यात. मला खटकतो तो अशा उत्सवांचा हिशेब. मांडववाला शहरातला, जेवणाचं कंत्राट शहरातलं, गायक विमानानं येणार नि विमानानं जाणार. गावच्या वाट्याला धूळ आणि ट्रॅफिक.

बेळगावजवळच्या राजहंसगडावर मार्च २०२३ मध्ये शिवरायांच्या एकाच पुतळ्याचं दोनदा उद्घाटन झालं, २ तारखेला आणि पुन्हा ५ तारखेला. निवडणूक तोंडावर होती, आणखी काय सांगू! तशी चढाओढ बायकांच्या स्वच्छतागृहासाठी लागलेली मी तरी पाहिली नाही.

आता आपल्या गावांची लक्ष्मी यात्रा, म्हणजे ग्रामदेवीची जत्रा बघा. कुठे पाच, कुठे बारा, कुठे पंचवीस वर्षांनी भरते. कितीतरी आधी देवळात बैठका सुरू होतात, घरटी वर्गणी ठरते. देवीचा गाडा फिरायला वाट हवी म्हणून वर्षानुवर्षं अडलेले रस्ते नि गटारं मार्गी लागतात. पत्रा जाऊन स्लॅब पडतो, भिंतींना रंग लागतो. गवंडी, सुतार, रंगारी गावचे नाहीतर शेजारच्या गावचे. पाहुणा लॉजवर उतरत नाही, आपल्या सोप्यात झोपतो. कर्जही होतं, सोसायटीचं, नाहीतर सोनं गहाण ठेवून. मटणाच्या पंगती कमी झाल्या तर बरंच, पण हे बोललं की घरातलेच अंगावर येतात. तरी पाहुणे गेल्यावर रस्ता गावातच राहतो.

हेच शहाणपण खानापूर तालुक्यात का वापरत नाही? कणकुंबीला मलप्रभेचा उगम, हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंह मंदिर, शेजारी भीमगडचं जंगल. आणि त्याच जंगलातल्या आमगावात जुलै २०२४ मध्ये आजारी बाईला भर पावसात खांद्यावरून बाहेर आणावं लागलं. अभयारण्याचे नियम आहेत, मान्य. पण धबधब्यावर गर्दी झाली की बंदी घालायची आणि वर पर्यटन वाढवा म्हणून भाषण ठोकायचं, यात कणसं भाजून विकणाऱ्यानं काय करावं?

उत्सवातल्या तीन दिवसांच्या स्टेजचा थोडा पैसा तिकडे वळवा. जेवणाचे स्टॉल फक्त गावातल्या बचत गटांना, तेही भाडं न घेता. राहायची सोय घराघरांत, त्यासाठी संडास-बाथरूमला आगाऊ मदत. हलशीच्या चार पोरांना गाईडचं शिक्षण आणि वर्षभर मानधन द्या. मराठी-कन्नड दोन्हीत कदंबांचा इतिहास सांगतील, चोर्ला घाटानं येणाऱ्या गोवेकरांना कोकणीतसुद्धा. स्टेजवरच्या निवेदकाला एवढं कुठं जमतंय!