भट्टीतले आराखडे आणि छतातले कागद

ब्लेचली पार्क या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश गुप्तसंदेश-उकल केंद्राच्या जतनावरील एका लेखात इमारती वाचवण्याच्या धडपडीचे वर्णन सविस्तर आले आहे. मात्र तिथली बहुतेक यंत्रे आणि कागदपत्रे युद्धानंतर हेतुपुरस्सर नष्ट करण्यात आली, ही बाब एका ओळीत उरकली आहे. जर्मन सैन्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे लॉरेन्झ या सांकेतिक लिपीच्या यंत्रावरचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी 1944 मध्ये सुरू झालेला ‘कोलोसस’ हा इलेक्ट्रॉनिक संगणक घडवणारे ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांना त्याचे आराखडे पुढे स्वतःच भट्टीत टाकावे लागले. तरीही टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून मोजकी छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जवळ ठेवलेल्या (उपकारच त्या नियमभंगाचे!) सर्किटच्या आकृत्या यांच्या आधारे ते यंत्र पुन्हा उभे केले. मला त्याहून बोलका वाटतो तो 2013 साली तिथल्या हट क्रमांक 6 या लाकडी इमारतीच्या डागडुजीत सापडलेला ऐवज: थंड वारा रोखण्यासाठी छताच्या फटींत कोंबलेले चुरगळलेले कागद, आणि त्यांत जर्मन संदेशांच्या उकलीसाठी भोके पाडलेले बॅनबरी तक्तेही. दिल्लीत आनंद पर्बतवर, रामजस महाविद्यालयाच्या आवारात, त्याच युद्धात जपानी संदेशांवर असेच काम चालत असे. तिथल्या भिंतींकडेही एखाद्या जाणकाराने लक्ष द्यावे.