भाऊंची पदयात्रा आणि आमचा टँकर

तिळगूळ घ्या, गोड बोला वगैरे बुधवारी. आज रविवार आहे, ११ जानेवारी २०२६, आणि आज मी गोड बोलणार नाही.

काल रात्रीपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न, टँकर कधी? सकाळी वॉचमनने सम्पात बांबू घालून बाहेर काढला. चार बोटं ओला. चाळीस फ्लॅट, आणि चार बोटं पाणी. कालची भांडी सिंकमध्ये तशीच, बाथरूममध्ये एक बादली शिल्लक आणि त्या बादलीवर घरातल्या चौघांचा डोळा. साडेअकराला एकदाचा टँकर आला. दहा हजार लिटरचा, निळा, मागच्या कॉकमधून गळत गळत येणारा. अर्धी गल्ली नुसती त्या गळतीवरच खूश झाली. गल्लीच्या तोंडाशी वळला, आणि समोरून पुणे महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या भाऊंची पदयात्रा.

पुढे हलगी. मागे ताशा. त्याच्यामागे एकसारखी उपरणी घातलेली पन्नास-साठ पोरं, त्यातली निम्मी आमच्या प्रभागातली नव्हेतच, कारण त्यातल्या एकाने मलाच विचारलं, "काका, हे गाव कुठलं?" मग उघडी जीप, जीपवर भाऊ, बाजूला पॅनलमधले तिघं, चौघांचेही हात जोडलेले. आणि सगळ्यात शेवटी जेसीबी. बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या उधळायला. ड्रेनेजच्या लाइनसाठी आम्ही खेटे घालत होतो तेव्हा एका साहेबांनी सांगितलं होतं, गल्ली अरुंद आहे हो, जेसीबी वळत नाही. आज वळला. काय सुंदर वळला! फुलं उधळत वळला.

टँकरवाल्याने हॉर्न दिला. एक उपरणं धावत आलं, "दोन मिनिटं थांब रे, औक्षण चाललंय." प्रत्येक गेटवर औक्षण. आता ही ओवाळणाऱ्या बायकांची उत्स्फूर्तता मी गेटवर उभं राहून नीट पाहिली. ताट एकच आहे. तेच निरांजन, तीच सुपारी, तोच पेढा. एका गेटवर ओवाळून झालं की एक पोरगा ते ताट घेऊन पुढच्या गेटकडे पळतो, ज्योत विझू नये म्हणून तळहात आडवा धरून. ऑलिंपिकची मशाल इतक्या निष्ठेने कुणी नेत नसेल. पेढासुद्धा तोच! भाऊ तो नुसता ओठाला लावतात.

दोन मिनिटांची झाली पस्तीस. टँकरवाला खाली उतरला, तंबाखू मळली, परत चढला, म्हणाला, "साहेब, मला अजून सहा खेपा आहेत," आणि टाकला रिव्हर्स. बरोबर त्याच वेळी रिक्षावरच्या भोंग्यातून काय चाललं होतं? "मुबलक पाणी, चोवीस तास पाणी, भाऊच आणणार पाणी!" पाणी समोर होतं. दहा हजार लिटर होतं. भाऊंनी ते परत पाठवलं.

मी धावलो. अंगात बनियन, एका गालाला दाढीचा साबण, पायात हिच्या स्लीपर. टँकरच्या मागे धावतोय आणि मध्ये जीप आडवी. भाऊंना वाटलं मी त्यांच्याकडेच आलोय. वाकून दोन्ही हातांनी माझा हात धरला, "काका, आशीर्वाद असू द्या." मी म्हटलं, "टँकर!" ते म्हणाले, "हो हो, नक्की." कुणीतरी फोटो काढला.

आणि तासाभरात तो फोटो प्रभागाच्या ग्रुपवर. खाली मजकूर: 'ज्येष्ठ नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'.

ज्येष्ठ? मी बावन्न वर्षांचा आहे. बावन्न! एसटीत अर्धं तिकीट मिळायला मला अजून तेरा वर्षं आहेत. केस पांढरे नाहीत, तो साबण आहे. मी ग्रुपवर तसं लिहिलंसुद्धा, त्यावर सत्तावीस जणांनी हसणारी बाहुली टाकली आणि आमच्या चेअरमनने 'भाऊ, अभिनंदन' लिहिलं. कुणाचं अभिनंदन? कशाबद्दल?

बरं, आम्ही राहतो कुठे, तर सिंहगड रस्त्याच्या पार शेवटाला, जून २०२१ मध्ये महापालिकेत ओढलेल्या तेवीस गावांपैकी एकात. खडकवासला धरण इथून इतकं जवळ, की पावसाळ्यात विसर्ग सोडला की दहा मिनिटांत आमच्या ग्रुपवर व्हिडिओ. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला, चार धरणं मिळून २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी. ते सगळं आमच्या नाकासमोरून शहरात जातं आणि आमच्याकडे बाराशे रुपयांना परत येतं, गळत गळत. धरण उशाला, कोरड घशाला. ही म्हण ज्याने केली तो आमच्याच सोसायटीत भाड्याने राहिला असणार.

ग्रामपंचायत गेली २०२१ ला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक बसले. म्हणजे आम्ही आत आलो आणि आतले सगळे बाहेर गेले. सरपंच नाही, नगरसेवक नाही. साडेचार वर्षं आम्ही कुणाच्या नावाने बोंब मारायची हेच ठरलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने गेल्या मे महिन्यात कान उपटले, चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून, ते चार महिने ताणत ताणत आत्ता १५ जानेवारी उगवतेय. आणि आता एकदम एक नाही, चार नगरसेवक! पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी, चार रंगांच्या चार मतपत्रिका, चार बटणं. पाणी आलं नाही तर चौघंही म्हणणार, ते त्या तिघांना विचारा. आमच्या प्रभागात नदीपलीकडचं शिवणंही आहे. भाऊ बहुतेक तिकडचेच. किंवा नसतीलही. पत्रकावर 'आपल्या मातीतला माणूस' छापलंय, कुठली माती ते नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत, जानेवारीत, जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हा ही माती कुठे होती? नांदेड, किरकटवाडी, धायरी, रोज बातमीत आमचीच गावं. दोनशेच्या वर रुग्ण, व्हेंटिलेटरवर तरणीताठी माणसं, आणि संशय पाण्यावर. तेव्हा आम्ही पाणी वीस वीस मिनिटं उकळून पीत होतो, सिलिंडर पंधरवड्यात संपत होता. त्या महिन्यात एकाही 'भावी नगरसेवका'ने आमच्याकडे पदयात्रा काढली नाही. सगळ्यांना अचानक गावाकडे कामं निघाली होती.

आणि 'भावी' हा शब्द एकदा कायद्याने बंद करा. चार वर्षं फ्लेक्सवर भावी. दहीहंडीला भावी, गणपतीत भावी, कुत्र्याच्या वाढदिवसाला भावी. आमच्या कोपऱ्यावरच्या फ्लेक्समुळे वळणावरचा आरसा दिसत नाही, तिथे दर आठवड्याला कुणीतरी आदळतं, आणि फ्लेक्सवर काय, तर 'सुरक्षित प्रभाग, हाच ध्यास'. बाक बघा. बसायची फळी एक फूट, 'यांच्या संकल्पनेतून' दोन फूट. बाकड्यात कसली आलीय संकल्पना? बाकडं शोधून काढलं का तुम्ही?

आणि ते रेकॉर्ड केलेले फोन. दुपारी अडीचला. पुण्यात. दुपारी अडीचला!

शिवाय पक्ष. भाऊ गेल्या दोन वर्षांत कितव्या पक्षात आहेत हे त्यांच्याच पोरांना सांगता येत नाही. मी विचारलं तर एकाने उपरण्याकडे बघून सांगितलं. उमेदवारी अर्जांच्या गोंधळात शहरात एकाने प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने तिकीट दिल्याचा कागद, तोंडात टाकल्याची बातमी आली. मी म्हणतो, खाल्लाच असेल तर बरोबर केलं. निदान त्या माणसाला भूक तरी आहे. आमच्या भाऊंना पेढासुद्धा गिळवत नाही.

जाहीरनाम्यात तर लूट आहे नुसती. बस फुकट, मेट्रो फुकट. मेट्रो? खडकवासल्याच्या मेट्रोला केंद्राची मंजुरीच मुळी आत्ता नोव्हेंबरात मिळाली. ती रुळावर येईपर्यंत मी खरोखरच ज्येष्ठ झालेला असेन. तेव्हा फोटो काढा.

इथवर हे सगळं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "डब्याचं लिहिलंस का?"

तर, डब्याचं. डिसेंबरात भाऊंनी पैठणीचा खेळ ठेवला होता. ही गेली होती. मी लोकशाही, आमिष, स्वाभिमान यांवर पाऊण तास बोललो होतो, तरी गेली. संगीत खुर्चीत तिसरी आली आणि स्टीलचा डबा घेऊन आली, झाकणावर भाऊ. त्यानंतर मी काय बोललो, तर तिच्याच सांगण्यानुसार, "लोहगावात म्हणे लकी ड्रॉला जमिनीचा प्लॉट लावलाय, विमाननगरला थायलंड, आणि आपल्याला डबा?" हे मी बोललोय. नाकारण्यात अर्थ नाही, मुलगी साक्षीदार आहे. पोहे त्याच डब्यात आहेत. रोज सकाळी भाऊंना धरून फिरवल्याशिवाय मला नाश्ता मिळत नाही.

तिचं पुढचं म्हणणं असं, की महिन्यापूर्वी भाऊ घरोघर येत होते तेव्हा आपल्याकडेही आले होते. हो. त्यासाठी मी प्रश्नांची यादी केली होती. सात प्रश्न, वहीच्या कागदावर. पाण्याची लाइन, ड्रेनेज, मिळकतकर, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे वगैरे. बेल वाजली. दारात भाऊ. आणि मी, हा जो इथे दात-ओठ खातोय तो मी, म्हणालो, "या या, चहा घेणार का?" चहा करायला पाणी कमी म्हणून ते बिचारे नको म्हणाले. यादी खिशातच राहिली. ती नंतर पँटबरोबर धुतली गेली, एवढं पाणी त्या दिवशी होतं म्हणायचं.

आणि चारही बटणं रागाने नोटावर दाबायचा माझा निश्चय ऐकून तिने विचारलं, चौघांपैकी एकीचं तरी नाव माहितीये का तुला? ती तिसरी, चष्म्यावाली, पाण्याच्या लाइनसाठी दोनदा बायकांना घेऊन ऑफिसात जाऊन बसली होती, तेव्हा तू म्हणालास मॅच आहे.

मॅच होती खरी.

आत्ता रात्रीचे साडेदहा. खाली हॉर्न वाजला, टँकर आलाय. रात्रीचा दर पंधराशे. वॉचमनने पाइप सम्पात सोडलाय आणि सेक्रेटरी टॉर्च धरून उभे आहेत. येताना त्यांनी तिळगुळाचं पाकीट हातात दिलं, भाऊंकडून घरटी एक. पाकिटावर भाऊ, हात जोडलेले. मी म्हटलं, मला नको. मग खाली उभ्या उभ्या एक वडी खाल्ली. वेलदोडा बरा होता, गूळ थोडा चिकट.

वरून हाक येतेय, मोटर लाव म्हणून. जातो. आणि तो फोटो कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया काढा. साबण आहे तो.