शेजवान चटणी सिचुआनची नाही

‘शेजवान चटणी म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातल्या घरोघरची पारंपरिक चटणी’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. नाव तिथलं, पण चटणी आपल्याकडची. सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर, साखर असा तिचा घाट भारतातल्या चायनीज स्वयंपाकघरांत घडला. त्या स्वयंपाकाचा पाया घातला कोलकात्याच्या हक्का या चिनी समाजातल्या लोकांनी, आणि त्यांचं मूळ मुख्यतः दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातलं.

सिचुआनी घरात फोडणीला पडते ती दोउबानज्यांग. बाकल्याचे दाणे आंबवून, खारवलेल्या लाल मिरचीत मिसळून मातीच्या रांजणात मुरवायचे. सिचुआनची राजधानी छंगदू, तिच्याजवळच्या पीशियनमध्ये हे रांजण उन्हात उघडे ठेवतात, रोज ढवळतात, पाऊस आला की झाकतात. चांगली मुरायला वर्ष तरी जातं. मापो तोफू या तिथल्या टोफूच्या पदार्थाचा तांबडा तेलकट रंग तिचाच.

सिचुआनी स्वयंपाकाची दुसरी खूण ह्वाज्याओची, म्हणजे सिचुआनी मिरीची. ते तिखट नसतं, जीभ बधिर करतं. शेजवान चटणीत ते बहुधा नसतंच. कोकण-गोव्यातल्यांना मात्र ही चव कळेल, कारण बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ त्याच्याच कुळातलं. दोन्हींचा काळा दाणा फेकायचा आणि टरफल वापरायचं.

सगळं सिचुआनी जेवण जाळ असतं, हेही खरं नाही. तिथलीच ‘खायश्वेइ बायत्साय’ म्हणजे नितळ सूपमधली कोबी. तीत मिरची नावालाही नाही.

शेजवान चटणी आवडीने खावी, मीही खातो. फक्त तिला आपली म्हणावं.