टाकवत नाही? मग फ्रीजमध्ये ठेवा

रात्री वाटीभर आमटी उरली तर ती लगेच ओतून देऊ नका. अन्न हे पूर्णब्रह्म! एका छोट्या वाटीत काढा, वर ताटली झाका आणि मधल्या कप्प्यात अगदी मागे, दह्याच्या पातेल्याआड सरकवा. आठ-दहा दिवसांत तिच्यावर छान पांढरी लव येईल. आता बेलाशक टाका. पाप लागत नाही, कारण आमटी तुम्ही वाया घालवलेली नाही, ती खराब झाली. एवढे पैसे मोजून घरात आणलेल्या यंत्राचं मुख्य काम हेच.

भाताचं जरा वेगळं. तो कुकरमध्येच ओट्यावर राहू द्या आणि मध्यरात्री पाणी प्यायला उठाल तेव्हा आठवलं तर आत ठेवा. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. त्यांनाही हातपाय पसरायला चार-पाच तास नकोत का? सकाळी त्याच भाताला फोडणी द्या. त्यांनी रात्री करून ठेवलेलं विष फोडणीला दाद देत नाही, पण वास खमंग सुटतो.

दूध दारातच ठेवा. फ्रीजमधली सगळ्यात कमी थंड जागा तीच. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आधी तिथे पोचते, आणि आपल्याकडे भूक नसतानाही फ्रीज उघडून दोन मिनिटं आत बघत उभं राहायची पद्धत आहे. वीज गेल्यावर तर हे आवर्जून करा. दार बंद ठेवलं तर आतली थंडी साधारण चार तास टिकते म्हणतात. टिकलीय की नाही, ते दर दहा मिनिटांनी उघडून पाहा.

कोथिंबिरीची जुडी धुवा, ओलीच पिशवीत भरा, घट्ट गाठ मारा आणि सफरचंदांना खेटून ठेवा. सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने पाला लवकर पिवळा पडतो. बाकीचं काम पिशवीतलं पाणी करतं. चार दिवसांत आतल्या आत चटणी तयार, मिक्सर धुवायचा त्रास नाही.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं तर घाबरू नका. सिंगल डोअर फ्रीजच्या आतल्या मागच्या भिंतीशी, खाली, एक बारीक भोक असतं. भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्यातून मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. त्या भोकात मेथीचं एक पान अडकलं की पाणी आतच राहतं. कोमट पाणी ओतून इयरबडने हलकेच टोकरलं तर ते पाच मिनिटांत मोकळं होतं; पण मग रोज सकाळी फडकं पिळताना घरच्यांवर चिडायचं निमित्त जाईल. आणि तो मागचा ट्रे? असा काही ट्रे असतो हे बऱ्याच घरांत फ्रीज भंगारवाल्याला देताना कळतं, तेही त्यात पाय बुडाल्यावर.

फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झाला की नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबून रात्रभर वाट बघत बसणं पुरुषार्थाला शोभत नाही. सुरी घ्या, खुपसा. बर्फामागे गॅस खेळवणारी पातळ नळी असते. फुस्स आवाज आला की समजा, साफसफाई कायमची संपली. (हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचा चुलतभाऊ. तेव्हा आवाज आलाच तर शेगडी पेटवू नका, बटणांना हात लावू नका, खिडक्या उघडा. हे मात्र थट्टेत सांगत नाही.)

आता वास. मे महिन्यात फणसाचे गरे उघड्या ताटलीत ठेवले की चहापासून श्रीखंडापर्यंत सगळं फणसाचं लागतं. त्यावर खायच्या सोड्याची वाटी हा रामबाण उपाय. ती एकदा ठेवली की कप्पे पुसायची जबाबदारी संपली, कारण वासाचं काम सोड्याकडे सोपवलेलं असतं. दोन-तीन महिन्यांनी तो सोडा बदलायचा असतो. टाकवत नसेल, आणि तुम्हाला तो टाकवणार नाहीच, तर चिमूट चिमूट करून भज्यांच्या पिठात संपवा.

शेवटी दिवाळीची साफसफाई. सगळं बाहेर काढा, काचा धुवा, दाराचं रबर सोडून बाकी सगळं लख्ख पुसा. रबराच्या घडीतली काळी बुरशी तशीच असू द्या, पाहुणे एवढ्या जवळून बघत नाहीत. मग काढलेलं सगळं त्याच क्रमाने परत लावा. पिझ्झाबरोबर फुकट आलेल्या सॉसच्या पुड्या, मुदत गेलेल्या असल्या तरी, अंड्यांच्या खळग्यांत उभ्या करा. घरात अंडं चालत नाही, तेव्हा ती जागा नाहीतरी सुकलेल्या लिंबांकडेच असते. सुनेने किंवा मुलाने विचारलं, ‘‘हे कशाला ठेवलंय?’’ तर त्यांच्या हातून पुडी काढून घ्या आणि सांगा, ‘‘लागतं कधीतरी.’’